भट्टीवरची चिठ्ठी: २५, ०.५, ०.५

मागच्या पावसाळ्यात आमच्या लॅबमधल्या भट्टीत माझ्या बारा काचा वाकल्या. साध्या काचा नव्हेत. एका बाजूला वीज वाहणारा पारदर्शक थर असलेल्या, मोजून मागवलेल्या, प्रत्येकीवर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप दिलेल्या. मी ज्या प्रकारच्या सौरघटांवर काम करते त्यात हा लेप ४५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजावा लागतो. त्या दिवशी भट्टी ४५० वर थांबलीच नाही. नंतर आलेख पाहिला तर ती ५६० पर्यंत चढली होती, मग ३७० पर्यंत उतरली होती, मग परत ५६०. साधी काच त्या तापमानाला मऊ पडायला लागते. बाहेर काढल्या तेव्हा माझ्या काचा निखाऱ्यावर भाजलेल्या पापडासारख्या झाल्या होत्या.

चूक भट्टीची नव्हती. माझी होती, आणि ती तीन आकड्यांची होती.

झालं असं, की या भट्टीचा जुना कंट्रोलर, गोल नॉबवाला, काही वर्षांपूर्वी बंद पडला. तेव्हापासून आमचे लॅब असिस्टंट मामा (त्यांना डिपार्टमेंटमध्ये सगळे मामाच म्हणतात) समोर स्टूल टाकून, डिमरस्टॅट फिरवून, हातानेच भट्टी चालवत होते. मग आम्हाला एक पीएलसी मिळाला. पीएलसी म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, कारखान्यातल्या मोटारी आणि व्हॉल्व्ह चालवणारा दणकट, छोटा कॉम्प्युटर. त्यात पीआयडी नावाचा तयार ब्लॉक असतो आणि त्याच्या तीन चौकटींत तीन आकडे भरायचे असतात. जुन्या कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळी पडलेली चिठ्ठी होती, पेन्सिलीने लिहिलेली: पीबी २५, रिसेट ०.५, रेट ०.५. मला वाटलं, लॉटरी लागली. तेच तीन आकडे त्याच क्रमाने नव्या चौकटींत भरले आणि स्टार्ट दाबलं.

ती चिठ्ठी अगदी बरोबर होती, हे मला महिनाभराने कळलं. मी ती चुकीच्या काळात वाचली होती. हा लेख त्या महिन्याबद्दल आहे.

आधी हे तीन आकडे करतात काय ते पाहू. हॉस्टेलच्या बाथरूममधला गरम पाण्याचा नळ आठवा. पाणी गार आहे, तर तुम्ही नळ जास्त सोडता; थोडंच गार आहे, तर थोडाच. जेवढी तफावत तेवढी हालचाल, हा पी. पण नुसत्या पी ने भागत नाही. भट्टीला ४५० वर टिकून राहायला समजा चाळीस टक्के वीज सतत लागते. पी तर फक्त तफावतीवर वीज देतो. तफावत शून्य झाली की वीजही शून्य. म्हणजे चाळीस टक्के वीज मिळत राहायची तर काहीतरी तफावत शिल्लक राहिलीच पाहिजे. आमच्या भट्टीत जुन्या सेटिंगचा नुसता पी ठेवला, तर ती सत्तर-ऐंशी अंश खालीच रेंगाळते. ही शिल्लक हळूहळू भरून काढणारा तो आय: तफावत जितका वेळ टिकते तितका तो साचत जातो आणि वीज वाढवत राहतो. आणि डी बघतो तो वेग. पाणी झपाट्याने गरम होतंय असं हाताला जाणवलं, की ते पोळायच्या आधीच तुम्ही नळ मागे घेता ना, तो डी.

गणिताच्या भाषेत प्रमाण, संकलन आणि विकलन. बारावीला झालेलं असतं. पण माझ्या पोटात गोळा आला तो गणितामुळे नाही. जुन्या चिठ्ठीवर हे शब्दच नव्हते. तिथे होतं पीबी, रिसेट आणि रेट. हे शब्द आले कुठून?

शोधत गेले तर पहिल्यांदा भेटलं एक जहाज.

१९२२ साली निकोलस मिनोर्स्की या रशियातून अमेरिकेत आलेल्या अभियंत्याने अमेरिकी नौदल अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध छापला. विषय होता, जहाज आपोआप एका दिशेला कसं धरून ठेवायचं. यंत्राने सुकाणू फिरवायची कल्पना नवी नव्हती. एल्मर स्पेरी दहा वर्षं आधीपासून तेच करत होता. वाफेच्या इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरवर तर जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ सालीच गणित मांडलं होतं. मिनोर्स्कीचं वेगळेपण असं, की त्याने प्रश्न सुकाणूवर उभ्या असलेल्या खलाश्याकडून घेतला. मुरलेला खलाशी नक्की काय करतो?

तो नुसता होकायंत्राचा काटा बघून सुकाणू फिरवत नाही. जहाज किती भरकटलंय ते तो बघतोच, पण किती वेगाने वळतंय तेही बघतो. जहाज जड असतं. एकदा वळायला लागलं की सुकाणू सरळ केलं तरी वळतच राहतं. म्हणून योग्य दिशा यायच्या आधीच तो सुकाणू उलट बाजूला देतो आणि जहाजाला जणू वाटेतच अडवतो. नवशिका हे करत नाही, म्हणून त्याच्या जहाजाची वाट नागमोडी होते. शिवाय वारा एकाच बाजूने सतत लागत असेल, तर मुरलेला खलाशी सुकाणू थोडं त्या हिशोबाने धरूनच ठेवतो. भरकटणं, वळण्याचा वेग आणि सततचा वारा. पी, डी, आय. मिनोर्स्कीने या तिन्ही गोष्टी समीकरणात मांडल्या आणि त्यांच्यामुळे जहाज स्थिर कधी राहील, कधी हेलकावत सुटेल, ते दाखवलं.

मग यूएसएस न्यू मेक्सिको या युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. डी नसताना जहाज दोन्ही बाजूंना सुमारे २ अंश डुलत होतं. डी जोडल्यावर ते एक षष्ठांश अंशावर आलं. बहुतेक खलाश्यांना हाताने एवढं जमत नसे.

आणि तरीही नौदलाने ते यंत्र घेतलं नाही, कारण जहाजावरच्या माणसांचा विरोध होता. इतिहासात ही ओळ सहसा घाईने येते आणि आपण हसून पुढे जातो: लोकांना नवं नको असतं! मला ती ओळ टोचली. ज्यांच्या हातातलं कसब बघून समीकरण लिहिलं, त्यांनाच ते यंत्र नको होतं. त्यांची कारणं काय होती, हे कुणी त्यांच्या शब्दांत लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात आलं नाही. १९३० साली मिनोर्स्कीने आपले पेटंट-हक्क बेंडिक्स कंपनीला विकले.

आता तुम्हाला वाटेल, इथून गोष्ट सरळ कारखान्यांत गेली असेल. मुळीच नाही. भट्ट्या, बॉयलर, तेलशुद्धीचे कारखाने यांच्यासाठी उपकरणं बनवणाऱ्या लोकांनी मिनोर्स्कीचा निबंध जवळपास वाचलाच नाही. ते त्याच तीन गोष्टींपर्यंत पोचले, पण आपल्या वाटेने आणि एकेक करून. माझ्या चिठ्ठीवरचे शब्द त्या वाटेवरचे आहेत.

त्या काळचे कंट्रोलर दाबाच्या हवेवर चालत. आत एक बारीक नळी, तिच्या तोंडाशी एक पत्रा. पत्रा केसभर हलला की नळीतला हवेचा दाब बदलायचा आणि त्या दाबाने दूरचा व्हॉल्व्ह उघडायचा किंवा मिटायचा. पत्रा फार संवेदनशील. एक केस इकडे की व्हॉल्व्ह सताड उघडा, एक केस तिकडे की गच्च बंद. मधलं काही नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या फॉक्सबरो कंपनीतल्या क्लेसन मेसनने यावर तोडगा काढला. बाहेर जाणाऱ्या दाबाचाच एक भाग धातूच्या भात्यातून परत त्या पत्र्यावर आणून, त्याला उलटा ढकलायचा. यातून हालचाल प्रमाणात आली. आणि दुसऱ्या भात्याकडे जाणारी हवा एका अरुंद छिद्रातून सावकाश झिरपू दिली, की कंट्रोलर ती शिल्लक राहिलेली तफावतही आपणहून भरून काढायचा. १९३१ साली हे यंत्र स्टॅबिलॉग या नावाने बाजारात आलं.

ती शिल्लक तफावत भरून काढायचं काम त्याआधी कोण करत होतं? ऑपरेटर. पाळीवर आलेला माणूस काटा बघायचा, तो खुणेच्या थोडा खाली बसलाय असं दिसलं की एक नॉब जरासा फिरवून काटा पुन्हा खुणेवर आणायचा. या कामाला रिसेट म्हणत. पुन्हा बसवणं, इतकाच अर्थ. यंत्राने ते करायला सुरुवात केली तेव्हा त्याला ऑटोमॅटिक रिसेट नाव पडलं. पुढे ‘ऑटोमॅटिक’ गळून पडलं आणि उरलं ‘रिसेट’. म्हणजे संकलन हे नाव गणिताच्या पुस्तकातलं, आणि रिसेट हे नाव पाळीवरच्या माणसाच्या हातातलं.

रिसेट मोजायचं एककही तसंच आहे. अचानक तफावत पडली की पी ताबडतोब एक उडी मारतो. त्याच उडीएवढी भर रिसेट एका मिनिटात किती वेळा घालतो, तो आकडा म्हणजे ‘रिपीट्स पर मिनिट’. चिठ्ठीवरचा ०.५ हा होता: मिनिटाला अर्धी उडी, म्हणजे एका उडीला दोन मिनिटं. माझ्या पीएलसीच्या चौकटीत हवा होता उलटा आकडा, एका उडीला लागणारा वेळ, आणि तोही सेकंदांत. १२० लिहायला हवं होतं. मी ०.५ लिहिलं. दोनशेचाळीस पट घाई!

पीबी म्हणजे प्रपोर्शनल बँड, प्रमाणाचा पट्टा. व्हॉल्व्ह पूर्ण उघड्यापासून पूर्ण बंद होईपर्यंत काटा पट्टीच्या किती टक्के सरकतो, ते. पट्टा अरुंद तर कंट्रोलर तिखट, रुंद तर सौम्य. म्हणजे आकडा मोठा, कृती लहान. आजचा गेन बरोबर याच्या उलट. त्यात भर म्हणजे ‘पट्टीचे टक्के’. आमच्या जुन्या मीटरची पट्टी होती ० ते १००० अंश. तिचे २५ टक्के म्हणजे २५० अंशांत वीज शंभर टक्क्यांवरून शून्यावर, म्हणजेच अंशाला ०.४ टक्का. नव्या ब्लॉकला मी तापमान थेट अंशांत देत होते, त्यामुळे चौकटीत ०.४ हवं होतं. मी २५ लिहिलं. बासष्ट पट जास्त. तुमच्या ब्लॉकला तापमान टक्क्यांत जात असेल तर उत्तर ४ येईल. पुस्तकातला नियम सांगतो, शंभराला पीबीने भागा. पण कशाचा टक्का, हे विचारल्याशिवाय भागू नका.

आता राहिला रेट. हा डी सगळ्यात शेवटी आला आणि तोही चुकून. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनी होती. तिचा फुलस्कोप नावाचा कंट्रोलर चांगला चालत होता, पण रेयॉनच्या कारखान्यांत तो हरत होता. तिथे अल्कलीत भिजवलेल्या सेल्युलोजचा चुरा करणारी श्रेडर यंत्रं असतात आणि चुऱ्याचं तापमान काही केल्या एका जागी राहत नसे. १९३० च्या दशकाच्या मध्यात टेलरमधल्या राल्फ क्लॅरिजच्या खटपटीत एका कंट्रोलरच्या आत, परतीच्या हवेच्या नळीत अडथळा बसला गेला. काटा हलला की व्हॉल्व्हकडे जाणारा दाब एकदम ‘लाथ’ मारायचा आणि मग शांत व्हायचा. विचित्र प्रकार, पण श्रेडरवर लावून पाहिलं तर तापमान जागच्या जागी राहिलं. टेलरने त्याला नाव दिलं प्री-ॲक्ट, आधीच कृती करणारा. युद्धनौकेवरच्या खलाश्याचं उलटं सुकाणू दहा-बारा वर्षांनी, एका चोंदलेल्या नळीच्या रूपाने, रेयॉनच्या कारखान्यात पोचलं. आणि दोघांची ओळख नव्हती.

१९४० च्या सुमाराला टेलरने तिन्ही नॉब एकाच डब्यात देणारा नवा फुलस्कोप काढला, आणि लगेच एक अडचण उभी राहिली. गिऱ्हाईक विचारायला लागलं, हे तीन नॉब फिरवायचे कुठपर्यंत? एक नॉब असेपर्यंत अंदाजाने चालून जायचं. तीन म्हटल्यावर शेकडो जोड्या झाल्या. जॉन झीग्लर विक्रीच्या बाजूचा इंजिनियर, त्यामुळे हा प्रश्न रोज त्याच्या टेबलावर यायचा. नॅथॅनियल निकोल्स संशोधन विभागातला. दोघांनी मिळून कंपनीतल्या हवेवर चालणाऱ्या नमुना-यंत्रावर आणि पुढे एमआयटीच्या डिफरन्शियल ॲनालायझरवर असंख्य जोड्या चालवून पाहिल्या. त्यांचा निबंध १९४२ साली अमेरिकी यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या ट्रान्झॅक्शन्समध्ये आला. आज कुठल्याही इन्स्ट्रुमेंटेशनच्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, झीग्लर-निकोल्स हे जोडनाव त्याला येतं.

त्यांची युक्ती कमालीची सोपी आहे. रिसेट आणि प्री-ॲक्ट बंद करा. नुसता पी ठेवा आणि तो तिखट, अजून तिखट करत जा. एक वेळ अशी येते की काटा वर-खाली झोके घेऊ लागतो आणि ते झोके मोठेही होत नाहीत, मरतही नाहीत. तिथे थांबा. त्या वेळचा पी लिहून घ्या आणि एका झोक्याला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. बस. आता पी त्या आकड्याच्या ०.६ पट ठेवा. रिसेट ठेवा, २ भागिले झोक्याची मिनिटं. प्री-ॲक्ट ठेवा, झोक्याच्या मिनिटांचा आठवा भाग.

(हा काही ‘सर्वोत्तम’ नियम नव्हे, निबंधाच्या शीर्षकात तो शब्द असला तरी. प्रत्येक पुढचा झोका आधीच्या एक चतुर्थांश व्हावा, असा व्यवहारी हिशोब त्यामागे आहे आणि तो बराच तिखट पडतो. आमच्या क्षेत्रात त्यावर नाकं मुरडण्याची पद्धत आहे. पण मुरडणाऱ्यांतले बरेच जण सुरुवात तिथूनच करतात.)

इथे वाचता वाचता मी थांबले. रिसेट, २ भागिले झोका. प्री-ॲक्ट, झोका भागिले ८. समजा झोका ४ मिनिटांचा असेल तर? रिसेट येतो मिनिटाला ०.५ आणि रेट येतो ०.५ मिनिट.

चिठ्ठीवरचे दोन्ही ०.५!

दिसायला सारखे, पण एक ‘मिनिटामागे’ आणि दुसरा ‘मिनिटं’. मी दोन्ही सेकंदांच्या चौकटीत टाकले होते. आणि पीबी २५ असेल, तर झोके घेण्याच्या वेळचा पट्टा त्याच्या ०.६ पट, म्हणजे १५ टक्के असणार. कुणीतरी कधीतरी या भट्टीसमोर बसून, पट्टा १५ टक्क्यांपर्यंत अरुंद करत नेऊन तिला झोके घ्यायला लावले होते, आणि ४ मिनिटं मोजली होती. ती चिठ्ठी म्हणजे कुणाच्या तरी एका दुपारची नोंद होती.

पीएलसीत हे सगळं कसं शिरलं ते थोडक्यात सांगते, कारण तिथेही एक खड्डा आहे. १९६२ साली इंग्लंडमधल्या फ्लीटवुडच्या आयसीआयच्या सोडा ॲश कारखान्यात फेरांटी कंपनीचा आर्गस कॉम्प्युटर बसला. २२४ मोजमापं घेऊन तो १२९ व्हॉल्व्ह थेट चालवत होता, आधीची कंट्रोलरची कपाटं बाजूला सारून. पीएलसीची जन्मकथा मात्र निराळी. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या कपाटांचा कंटाळा आला होता. गाडीचं मॉडेल बदललं की सगळी वायरिंग उपसायची. १९६८ साली त्यांनी पर्याय मागितला. डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्समधल्या त्याच्या सहकाऱ्यांनी जे यंत्र दिलं त्याचं नाव मॉडिकॉन ०८४, कारण तो त्यांचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. म्हणजे पीएलसी जन्मला ‘चालू की बंद’ एवढं ठरवायला. भट्टीचं तापमान त्याच्या गावीही नव्हतं. पीआयडी त्यात पाहुणा म्हणून मागून आला, आणि येताना आपल्या घरची वजनमापं घेऊन आला. सिग्नलचंच बघा ना. हवेचे कंट्रोलर ३ ते १५ पीएसआय दाबावर बोलायचे, आजचे ४ ते २० मिलिॲम्पिअरवर. दोन्हींत खालचा आकडा वरच्याच्या एक पंचमांश.

त्यामुळे आजही रॉकवेलच्या पीएलसीत तुम्हाला विचारलं जातं, समीकरण डिपेंडंट हवं की इंडिपेंडंट? पहिलं घेतलं तर आयचा वेळ मिनिटांत द्यायचा. दुसरं घेतलं तर आयचा गुणक सेकंदामागे. सीमेन्सच्या एस७-३०० मालिकेतल्या एफबी ४१ ब्लॉकमध्ये वेळ हा वेळ म्हणूनच लिहायचा असतो, त्यामुळे हा घोळ होत नाही. पण खड्डा आहे तो इथेच. हवेचा कंट्रोलर अखंड काम करतो, कॉम्प्युटर टप्प्याटप्प्याने. दर टप्प्याला तो तफावत गुणिले टप्प्याचा वेळ, अशी भर आयमध्ये घालतो. टप्पा किती लांब हे त्याला आपण सांगतो. एफबी ४१ मध्ये ही सायकल आधीपासून १ सेकंद भरलेली असते, आणि ज्या ओबी ३५ मधून हा ब्लॉक सहसा चालवतात तो आधीपासून दर १०० मिलिसेकंदांनी धावतो. दोन आकड्यांचा मेळ आपण घातला नाही, तर ब्लॉकला वाटतं एक सेकंद गेला, आणि गेलेला असतो एक दशांश. आय दहापट वेगाने साचतो, डी दहापट दुबळा होतो. पडद्यावरचे तीनही आकडे अचूक असतात आणि भट्टी तरी झोके घेते. हे ब्लॉकला साध्या मुख्य प्रोग्राममध्ये ठेवलं तर अजूनच वाईट, कारण मुख्य प्रोग्रामचा फेरा कधी लहान, कधी मोठा असतो.

आणखी एक, वाइंडअप. भट्टी गार आहे, सेटपॉइंट ४५०. वर पोचेपर्यंतचा सगळा वेळ आय साचत राहतो, वीज तर शंभर टक्क्यांवर कधीच टेकलेली असते. ४५० आलं तरी साचलेलं रितं व्हायला वेळ लागतो, तोवर भट्टी पुढे निघून जाते. ब्लॉकमध्ये आउटपुटची वरची-खालची मर्यादा नीट भरली की बहुतेक पीएलसी तिथे आयला थांबवतात. ती चौकट रिकामी किंवा भलतीच ठेवू नका. यालाही जुने लोक ‘रिसेट वाइंडअप’ म्हणतात. शब्द पुन्हा तोच.

तर मी आकडे बदलले: ०.४, १२० सेकंद, ३० सेकंद. सायकलचा मेळ घातला. या वेळी काचा न ठेवता, रिकामी भट्टी चालवली. मामा मागे येऊन उभे राहिले. त्यांना मी चिठ्ठी दाखवली आणि विचारलं, “मामा, हे कुणी लिहिलंय, आठवतं का तुम्हाला?”

“मी तेव्हा नवीनच लागलो होतो,” ते म्हणाले. “मीटरवाल्या कंपनीचा माणूस आला होता. दिवसभर इथंच बसला. सुई आपली झोके घेतीय, वर-खाली, वर-खाली, आणि हा हातातल्या घड्याळाकडं बघत बसलेला. मला वाटलं, बिघडवलंच यानं. दोनदा चहा आणून दिला त्याला.”

मी त्यांना झीग्लर-निकोल्स सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ते ठीक आहे ताई. पण तुमची ही आता पुढं जाणार बघा.” पडद्यावर तेव्हा ३९० होतं आणि चढाई जोरात होती. भट्टी ४७२ ला जाऊन वळली.

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, हाताने चालवताना ३९० आलं की ते डिमरस्टॅट २०० व्होल्टवरून १२० वर आणायचे. पंखा चालू असेल, खिडकी उघडी असेल तर १३०. त्या मीटरवाल्याने भट्टी बसवली तेव्हा तिच्यात जुनी, पातळ नळी होती. नंतर मधे कधीतरी ती फुटली आणि जाड नळी आली. जाड नळीत उष्णता साचून राहते, म्हणून हात आधी आखडता घ्यावा लागतो. नळी बदलल्याची नोंद मला रजिस्टरमध्ये सापडली नाही. ती फक्त मामांकडे होती, आणि मामा येत्या मार्चमध्ये निवृत्त होत आहेत.

पुढचे दोन शनिवार आम्ही दोघं भट्टीसमोर बसलो. गेन अर्धा केला. सेटपॉइंट एकदम ४५० न देता त्याला चढण दिली: ३९० पर्यंत मिनिटाला १० अंश, तिथून पुढे मिनिटाला ३. आता भट्टी ४५६ पर्यंत जाते आणि पाच-सात मिनिटांत परत येऊन बसते. सहा अंश माझ्या काचांना चालतात.

जुनी चिठ्ठी मी काढलेली नाही. तिच्या शेजारी पीएलसीच्या दाराच्या आत नवी चिकटवली आहे, या वेळी एककांसकट: गेन ०.२ टक्के प्रति अंश, आय १२० सेकंद, डी ३० सेकंद, सायकल १ सेकंद, आउटपुट ० ते १००. त्याखाली मामांच्या अक्षरात दोन ओळी आहेत. ३९० पासून सावकाश. नळी बदलली तर हे सगळं परत करणे.